मधली सीट रिकामी ठेवण्याची युक्ती

३ मार्च, मंगळवार

निवृत्त होऊन पाच आठवडे झाले नि हिनं ही डायरी हातात ठेवली. "लिहा. घरभर येरझाऱ्या घालता, ते तरी कमी होईल," म्हणाली. आयुष्यभर वाचनालयात काम केलेल्या बाईला प्रत्येक दुखण्यावर वही नाहीतर पुस्तक हाच उपाय दिसतो. असो. लिहितो.

लेकीचं बाळंतपण मेच्या सुरुवातीला आहे आणि आम्ही दोघांनी जायचं ठरलंय. विमानाचे अकरा तास, एका दमात. तेही साध्या वर्गातून, कारण पुढच्या पडद्याआडच्या ऐसपैस खुर्च्या आपल्यासाठी नाहीत.

ज्यानं उभा जन्म खुर्च्यांच्या कारखान्यात खुर्च्या तपासल्या त्याला बसायची धास्ती, हे ऐकून कुणीही हसेल. पण आहे बुवा धास्ती. खरं तर मी खुर्च्यांवर स्वतः बसलो कमी, पोतं बसवलं जास्त. वाळूचं पोतं, माणसाच्या वजनाचं. खुर्चीत ठेवायचं, पट्ट्यानं आवळायचं, दिवसभर सोडून द्यायचं, संध्याकाळी खुर्चीची कुरकुर वाढली का ते बघायचं. पोत्यानं कधी तक्रार केली नाही. मी मात्र पाच मिनिटं एका जागी टिकलो नाही. कारखान्यात मला भिंगरी म्हणायचे. तोंडावर.

तर भिंगरीला आता अकरा तास पट्टा बांधून बसायचंय. उजवा गुडघा आत्तापासूनच ठणकतोय.

७ मार्च, शनिवार

चार दिवस मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो, त्याचं चीज झालं. युक्ती सापडली!

तीन सीटच्या रांगेत नवरा-बायकोनं शेजारी शेजारी बसायचंच नाही. एकानं कडेची घ्यायची, दुसऱ्यानं खिडकीची. दोघांच्या मधली एकटी सीट कुणी आपणहून घेत नाही. विमान अगदी खच्चून भरलं नाही तर ती रिकामी राहते आणि दोघांना तीन सीट मिळतात. ज्यानं शोधून काढलं त्याला माझा नमस्कार.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे आपण शेजारी नाही बसायचं?"

म्हटलं, "अगं, शेजारी काय, घरी बसतोच की! इथे प्रश्न आरामाचा आहे."

"बरं," म्हणाली आणि गॅस बंद करायला गेली.

कडेची सीट मला, कारण गुडघा. खिडकी तिला, कारण बायकांना खिडकी आवडते. तीही साधीसुधी नाही, बरोब्बर पंखाजवळची. विमानाला सगळ्यात कमी हेलकावे तिथे बसतात. शेवटच्या रांगा टाळल्या, तिथे पाठ मागे जात नाही आणि संडासाचं दार सारखं आपटतं. जातानाच्या दोन्ही सीट पक्क्या केल्या. परतीच्याही करणार होतो, पण ही म्हणाली, "माझी परतीची राहू दे."

"का?"

"राहू दे हो. बघू नंतर."

हिला कुठल्याही गोष्टीची घाई म्हणून नाही. माझी तेवढी करून टाकली.

१५ मार्च, रविवार

आज हॉलमध्ये रंगीत तालीम. जेवणाच्या तीन खुर्च्या ओळीनं लावल्या, पुढे कपाट सरकवलं, गुडघा नि कपाट यांत विमानात असतं तेवढंच अंतर ठेवलं. ही भिंतीकडे, मी कडेला. मधे, समजा कुणी आलंच तर, म्हणून वाळूचं पोतं. माझ्या निरोप समारंभाला वेल्डरनं थट्टेनं त्याला हार घालून ते मला भेट दिलं होतं. तीन मजले चढवताना जीव गेला होता, आज कामी आलं.

ही म्हणाली, "या पोत्याला तिकडे भिंतीशी बसवा, मी मधे बसते."

"वेडी का काय! मधली सीट वैऱ्यालाही मिळू नये. दोन्ही हात दुसऱ्यांच्या मेहेरबानीवर."

ही पुस्तक घेऊन बसली. दुपारपर्यंत हलली नाही. मी किती वेळा उठलो ते लिहीत नाही. एकदा पाणी प्यायला, एकदा बेल वाजल्यासारखी वाटली म्हणून, एकदा उगाच. प्रत्येक वेळी ही पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, "विमान सुटलं हो तुमचं."

शेवटी मी म्हटलं, "तुला कसं जमतं गं?"

"सवय आहे," म्हणाली.

वाचनालयातल्या नोकरीचा हा फायदा.

२ एप्रिल, गुरुवार

खरेदी झाली. गळ्यात घालायची उशी, मी पाच दाबून बघून सहावी घेतली. पाय सुजू नयेत म्हणून घट्ट मोजे, कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरची पट्टी. सगळ्याची एकेक जोडी तिला, एकेक मला. उशीचा रंग मीच निवडला, निळा. हिनं घरी आल्यावर ती उशी गळ्यात घालून आरशात पाहिलं आणि खो खो हसत सुटली. "गाईच्या गळ्यात लोढणं दिसतंय!" किती दिवसांनी हसली. मीही हसलो, पण उशी उत्तम आहे हेही सांगितलं.

१९ एप्रिल, रविवार

झोप लागत नाही. दिवसाही पडून बघतो, तरी नाही.

हिचं सामान बघतोय. दीड महिन्यासाठी चाललोय, पण ही जाड स्वेटर भरतेय, पातळ कपडेही भरतेय. चष्म्याचे दोन्ही जोड. गॅलरीतल्या कुंड्या तर खालच्या मजल्यावरच्या वहिनींना देऊनच टाकल्या. म्हटलं, "अगं, त्या येऊन पाणी घालतील की!" तर म्हणते, "त्यांना हौस आहे, आणि माझ्याकडे तरी कुठे नीट वाढतायत?" धादांत खोटं. जास्वंदीला या आठवड्यातच चार कळ्या आल्यात.

मनात नको तो विचार येऊन गेला. ही परत येणार ना? मग स्वतःवरच हसलो. कुठे जाईल? भांडण नाही, तंटा नाही. मी दारू पीत नाही, तिच्या अंगावर कधी ओरडलो नाही. आजवर तिला कशाची तोशीस पडू दिली नाही, सगळं आधीच ठरवून ठेवतो. लेकीसाठी म्हणून जास्त सामान नेत असेल.

हॉलमधल्या खुर्च्या उचलून ठेवा, असं ही चारदा म्हणाली. म्हटलं, असू देत. परत आल्यावर मला अनुभव ताडून बघायचाय.

२६ एप्रिल, रविवार (विमानतळावर)

ही शांत बसून वाचतेय. मी तीन वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो. ताजी बातमी: आमची मधली सीट अजून रिकामी दाखवतायत! देवा, एवढं कर.

हिला शेवटची सूचना दिली. पाणी बेतानं पी, म्हणजे सारखं उठावं लागणार नाही. मान हलवली.

२७ एप्रिल, सोमवार

पोचलो. नीट लिहून काढतो.

विमानाचं दार लागता लागता एक धिप्पाड बाई धापा टाकत आल्या आणि थेट आमच्या रांगेशी थांबल्या. जनावरांच्या डॉक्टर. गायीम्हशींच्या कुठल्याशा परिषदेला निघालेल्या. मी कपाळावर हात मारला. अगदी खरोखरचा.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. "तुम्ही दोघं नवरा-बायको? अहो, मग मी कडेला बसते, तुम्ही मधे सरका की!"

सरळसरळ सापळा होता. मी म्हटलं, "नको नको, माझा गुडघा. कडेची मुद्दाम घेतलीय."

"मग ताईंना मधे येऊ दे, मी खिडकीशी बसते."

"तिला खिडकी आवडते," मी म्हणालो.

बाईंनी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "राहू द्या हो. ते झोपतील आता."

खरंच झोपलो! मी, भिंगरी, विमानात झोपलो! उशी, पट्टी, बोळे, मोजे, सगळं एक नंबर. पट्टा पांघरुणावरून बांधला, म्हणजे तो बघायला कुणी उठवत नाही. फक्त डॉक्टरीणबाईंनी जाण्यायेण्यासाठी मला दोनदा हलवलं. दुसऱ्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, "लोक पाणी तरी किती पितात!" बाईंनी ऐकलं असावं. ऐकू दे. बोळे काढले की दोघींचं हसणं कानावर यायचं. एकदा कुठल्या तरी अडलेल्या म्हशीची गोष्ट चालली होती आणि ही अगदी डोळे पुसून पुसून हसत होती. मला वाटलं विचारावं काय झालं. पण झोपमोड झाली असती.

आणि ही? अकरा तासांत एकदाही उठली नाही. एकदाही! अशी शांत प्रवासी मी पाहिली नाही. माझी व्यवस्था किती चोख होती याचा आणखी काय पुरावा हवा?

उतरताना मात्र हिच्या पायात चपला जाईनात. मोजे घालूनही पाय टम्म फुगले होते. मोज्यांच्या मापात काहीतरी गडबड झाली असणार.

२८ एप्रिल, मंगळवार

हिचं डोकं कालपासून दुखतंय. पाय उशीवर ठेवून पडून आहे. लेक नऊ महिन्यांचं पोट घेऊन तिचे पाय चोळत होती आणि माझ्यावर तोंडसुख घेत होती. "बाबा, विमानात भरपूर पाणी प्यायचं असतं, सारखं उठून चालायचं असतं! तू तिला पाणी पिऊ नको म्हणालास?"

"बेतानं म्हणालो."

"आणि तू एकदाही उठली का नाहीस गं आई?"

"ते झोपले होते," ही डोळे मिटूनच म्हणाली.

"मग उठवायचं!"

लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी जाऊन जावईबापूंच्या टेबलाचे स्क्रू आवळायला घेतले. सगळेच सैल होते.

माझं मत विचाराल तर हिनं उठवायला हवं होतं. मी काय तिला खाणार होतो?

६ मे, बुधवार

नात झाली! दोघी सुखरूप. हातात घेतली तर एवढीशी, नि डोळे टकामका. मला रडू आलं. दवाखान्यातल्या खुर्च्या अत्यंत वाईट आहेत.

२० मे, बुधवार

या घरात मला काम नाही. ज्या खुर्चीवर बसतो तिथून कुणीतरी उठवतं. घरातली प्रत्येक खुर्ची दुरुस्त करून झाली, पाळण्याची करकर बंद केली, तर लेक म्हणते त्या करकरीनंच बाळ झोपत होतं. पुन्हा करकर कशी आणायची यात एक दुपार गेली.

आज लेक वैतागून म्हणाली, "बाबा, एका जागी बस ना जरा!"

हिनं न बघता उत्तर दिलं, "त्यांना दुसऱ्याला बसवता येतं गं. स्वतः बसणं त्यांच्या खात्यात नव्हतं." दोघी हसल्या. मीही हसलो, पण ते लागलं कुठेतरी.

ही इथे निराळीच दिसते. सकाळी एकटी फिरायला जाते. मी म्हटलं बरोबर येतो, रस्ता मी नीट बघून ठेवलाय. तर म्हणाली, "नको, मला चुकायचंय जरा." हे काय उत्तर झालं? तासाभरानं येते, गाल लाल, आणि कुठे गेली होती ते स्वतःलाच सांगता येत नाही.

मधल्या खोलीला सगळे आईची खोली म्हणतात. मी बाबा, पण खोली आईची. तिच्या कपाटात स्वेटर लागलेत. पातळ कपडेही.

१ जून, सोमवार

आज पुन्हा विचारलं. परवाची परतीची सीट आता तरी निवडू का, कडेच्या बरोब्बर पलीकडची खिडकी अजून मोकळी आहे.

ही नातीचे लंगोट घडी करत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, मी तुमच्याबरोबर येत नाहीये."

"म्हणजे तारीख पुढे ढकलायची?"

"तुम्ही जा. मी थांबते."

"किती दिवस?"

"माहीत नाही मला."

"परत येणार आहेस की नाही?"

"तेही माहीत नाही. खोटं कशाला सांगू?"

पलंगाच्या कडेला बसलो. "माझं काय चुकलं?"

"तुम्ही सगळं बरोबरच करता हो. तीच तर पंचाईत आहे." तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मला काय बरं वाटेल ते तुम्ही आधीच ठरवून मोकळे होता. मी फक्त जाऊन बसायचं. एवढी वर्षं बसले. पोतं नाहीये हो मी."

यात पोत्याचा काय संबंध? तिला पोतं कोण म्हणालं? मी विमानात तिच्यासाठी काय काय केलं ते एकेक करून सांगायला लागलो, उशी, मोजे, पंखाजवळची खिडकी. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "हो, सगळं आठवतंय मला," आणि घड्या उचलून आत गेली.

मी अंगणात जाऊन फेऱ्या मारल्या. जावईबापू चहा घेऊन आले, बरोबर फेऱ्या मारू लागले. भला माणूस आहे. त्याची पावलं माझ्या पावलांशी जुळत नव्हती, पण भला आहे.

३ जून, बुधवार (विमानात)

युक्ती फळाला आली. मधली सीट रिकामी. खिडकीचीही रिकामी. विमानातली मुलगी येऊन म्हणाली, "काका, नशीबवान आहात, आख्खी रांग तुमचीच. मस्त आडवे व्हा!"

आडवा झालो. पट्ट्याचं कडं बरगडीत रुतलं. कूस बदलली, दुसरं रुतलं. उठून बसलो. उशी गळ्यात घातली, काढली. तिची निळी उशी तिनं निघताना माझ्याच पिशवीत घातली, "तुम्हाला होईल" म्हणून. तीही घालून बघितली. आता दोन उश्या मांडीवर घेऊन लिहितोय.

मघाशी खिडकीच्या सीटवर जाऊन बसलो. पंख. नुसता पंख. खाली काही दिसत नाही, बाजूला काही दिसत नाही, पत्र्याचा एक राखाडी तुकडा आणि त्यावरचे स्क्रू. मान वाकडी करून बघितलं तरी पंखच. हेलकावे नाहीत, हे खरं. पण अकरा तास ती बघत काय होती?

मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, पाय प्लास्टरमध्ये आहे, लांब करायला तुमची कडेची सीट देता का. दिली. गुडघा माझा, पण प्लास्टर त्याचं. मी खिडकीशीच राहिलो. तो पाय मधल्या सीटवर ठेवून दोन मिनिटांत घोरायला लागला. पट्टा पांघरुणावरून बांधलेला. शहाणा माणूस.

आता तासभर झाला, मला जायचंय. त्याच्याकडे बघतोय, हात पुढे करतोय, मागे घेतोय. इतका गाढ झोपलाय. काय म्हणेल? किती पाणी पितात लोक, म्हणेल.

नंतर: शेवटी हलवलं. म्हातारा दचकून उठला नि म्हणाला, "अहो, सांगायचं ना कधीच! असे कसे बसून राहिलात?" आणि कुबडीवर उभा राहून मला वाट दिली. एवढंच. एवढंसंच होतं ते. पण हिनं मला उठवलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते तिला माहीत होतं. मलाही माहीत आहे.

४ जून, गुरुवार

सकाळी उतरलो. सामानाच्या पट्ट्याशी उभा होतो. माझी बॅग समोरून गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. तिला पोचल्याचा निरोप लिहायला घेतला. नेहमीसारखं लिहून झालं: पोचलो, तू पाय वर ठेवत जा, पाणी भरपूर पी, फिरायला जाताना मोबाइल ने. वाचलं. सगळं पुसून टाकलं. मग लिहिलं: "पोचलो. एक विचारायचं राहिलं. विमानात तुला कुठली सीट आवडते?" आणि बॅग उचलली.

घरी आलो. घराला बंद घराचा वास. गॅलरी बोडकी. चहा टाकला, दूध नव्हतं, तसाच प्यालो. दुपारी उत्तर आलं. एकच शब्द.

"मधली."

आधी वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. मधली कुणाला आवडते? घाईत लिहिलं असेल. मग हॉलमध्ये गेलो आणि तिथेच उभा राहिलो. तीन खुर्च्या अजून तशाच ओळीनं लावलेल्या. भिंतीकडची तिची. कडेची माझी. मधे पोतं.

त्याला उचलायला गेलो तर कमरेत उसण भरली. सोडलं नाही. ढकलत, ओढत, शिव्या घालत जिन्यापर्यंत नेलं आणि वहिनींना हाक मारली. त्यांनी वर येऊन पाहिलं. म्हणाल्या, "अगंबाई, हे काय?" म्हटलं, वाळू आहे, कुंड्यांच्या मातीत मिसळायला घ्या. आणि हिच्या कुंड्यांतली जास्वंद तेवढी मला परत द्या. त्यांनी खुशीनं दिली. एक फूल होतं.

खुर्चीवरची वाळू पुसली. फोटो काढला, तिन्ही खुर्च्यांचा, मधली रिकामी. खाली काहीतरी लिहावं म्हणून चारदा लिहिलं, चारदा पुसलं. नुसताच पाठवला.

तिनं अजून बघितलेला नाही. इकडे रात्र झाली, तिकडे अजून उजाडायचंय. कडेच्या खुर्चीवर आहे. बराच वेळ झाला, उठलेलो नाही.